सतरा नंबरचा फॉर्म आणि ओसीचा पेपर

बारावी कॉमर्सच्या कुठल्याही पोराला विचारा, सगळ्यात सोपा विषय कुठला? तो ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, म्हणणार. बीकेचा (पुस्तपालनाचा) ताळेबंद जुळत नाही, इकोच्या (अर्थशास्त्राच्या) आकृत्या चुकतात, पण ओसी म्हणजे 'वाचलं की झालं'. आणि निकाल लागला की याच पोरांना बीकेत नव्वदच्या घरात आणि ओसीत साठ-पासष्ट पडलेले असतात. मी तिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून, सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरून बारावी दिली. त्या वर्षात माझं मत असं झालं की ओसी हा वाचायचा विषयच नव्हे, हातानं लिहायचा आहे. आणि ज्याला धंदा आधीपासून माहीत आहे, त्यानं तर तो जास्तच जपून लिहायचा.

मला धंदा माहीत होता, म्हणजे निदान रोज डोळ्यांसमोर होता. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी टॅलीवर बिलं करते. हळद, गूळ, बेदाणा. सौद्याच्या वेळी बाहेर काय गोंधळ चालतो, तोलाईदार कसा बसतो, हमाली-तोलाई बिलात कुठं धरायची, हे सगळं पाठ. दहावीनंतर शिक्षण सुटलं, लग्न झालं, आणि पुढं बी.कॉम. करायचं तर बारावी लागणार होती. कॉलेज सुटलेल्यांना बोर्ड बाहेरून परीक्षेला बसू देतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं गुणपत्रक जोडायचं, जवळचं एखादं ज्युनिअर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात, त्यामुळं पुढचे कागद तिकडून. यात अवघड काही नाही. फक्त हे लक्षात ठेवा की परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत असली तरी फॉर्मची तारीख त्याच्या कितीतरी आधी येऊन जाते.

आमच्या गल्लीत ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मॅडमच म्हणते. पुस्तक घेऊन गेले, तर त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आधी जुनी प्रश्नपत्रिका पुढ्यात टाकली. "हे बघ. ८० मार्कं कशी वाटलीत ते आधी समजून घे. धडे कुठं पळून जात नाहीत."

मार्कांची वाटणी अशी. पहिला प्रश्न २० मार्कांचा, सगळा वस्तुनिष्ठ: योग्य पर्याय, जोड्या, एक शब्द, चूक की बरोबर असलं. दुसरा, संज्ञा स्पष्ट करा, कोणत्याही चार, ८ मार्क. तिसऱ्यात छोटे प्रसंग देऊन त्यावर प्रश्न, कोणतेही दोन, ६ मार्क. चौथा, फरक स्पष्ट करा, कोणतेही तीन, १२ मार्क. पाचवा थोडक्यात उत्तरं, ८. सहावा, विधानं सकारण स्पष्ट करा, ८. सातव्यात पाच-पाच मार्कांची दोन उत्तरं, १०. आणि शेवटी एकच मोठं उत्तर, ८ मार्कांचं. उरलेले २० मार्क प्रकल्पाचे, ते संपर्क केंद्रावर.

आता हे नीट बघितलं तर पोरं ज्याच्या मागं ऊर फुटेस्तोवर धावतात ते मोठं उत्तर फक्त ८ मार्कांचं. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न मिळून ४० होतात, म्हणजे निम्मा पेपर. आणि या तिन्हींत लांबलचक काही लिहायचंच नाही. नेमकं लिहायचं. मी अभ्यासाचा क्रम त्यावरून लावला. आधी संज्ञा, मग फरक, मग बाकीचं. धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसायचा आणि मग प्रश्न बघायचे, ही उलटी रीत मी धरली नाही.

पुस्तकात आठ धडे. व्यवस्थापनाची तत्त्वं, व्यवस्थापनाची कार्यं, उद्योजकता विकास, व्यवसाय सेवा, व्यवसायाचे नवे प्रकार, सामाजिक जबाबदाऱ्या, ग्राहक संरक्षण, विपणन. त्यातला पहिला धडा म्हणजे हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं, आणि बहुतेकांची गाडी तिथंच रुतते. इंग्रजी माध्यमवाली पोरं पहिल्या अक्षरांचा काहीतरी शब्द बनवतात. मराठीत 'वैयक्तिक हितापेक्षा संघटनेच्या हिताला प्राधान्य' याचं पहिलं अक्षर घेऊन काय करणार? मी चौदांचे चार ढीग केले. कोण कुणाला सांगणार, हा पहिला: अधिकार व जबाबदारी, आदेशातील एकवाक्यता, निर्देशनातील एकवाक्यता, केंद्रीकरण, पदसाखळी. दुसरा माणसाच्या पोटाचा: मोबदला, समता, नोकरीतलं स्थैर्य. तिसरा कामाच्या जागेचा: कार्यविभागणी, सुव्यवस्था, शिस्त. चौथा मनाचा: पुढाकार, संघभावना आणि ते लांबलचक नावाचं संघटनेचं हित. पाच, तीन, तीन, तीन. ढीग आठवला की आतली नावं आपोआप येतात, आणि एखादं राहिलं तर कुठल्या ढिगातलं राहिलं तेही कळतं. एवढं झाल्यावर फेयॉल परत विसरला नाही.

आता लिहिण्याबद्दल. पहिल्यांदा मी मॅडमना 'आदेशातील एकवाक्यता' लिहून दाखवलं. मला ते फार छान जमलं असं वाटत होतं, कारण उदाहरण आमच्याच दुकानातलं होतं. शेठ हमालाला सांगतात पोती गाडीत भर, तेवढ्यात शेठचा मुलगा येऊन म्हणतो आधी वजनकाट्यावर लाव, हमाल दोघांकडं बघत उभा राहतो आणि शेवटी चहाला जातो. सगळं रंगवून लिहिलं होतं. मॅडमनी वाचलं, हसल्या, आणि दोनाला एक मार्क दिला.

"ही गंमत झाली. तत्त्व कुठाय?"

"त्यातच आहे की मॅडम."

"तुला दिसतंय. परीक्षक काय तुझ्या दुकानात चहा प्यायला आलेला नाही. त्याच्यापुढं गठ्ठा पडलाय आणि तो तीन शब्द शोधतोय. एक कर्मचारी, एक वरिष्ठ, एका वेळी."

मग त्यांनी तेच उत्तर असं बसवून दिलं. पहिलं वाक्य: कर्मचाऱ्याला एका वेळी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळाले पाहिजेत आणि तो त्यालाच जबाबदार असावा. दुसरं: एकाहून जास्त वरिष्ठांकडून आदेश आले तर गोंधळ होतो, जबाबदारी निश्चित करता येत नाही आणि शिस्त बिघडते. उदाहरण द्यायचंच तर तिसऱ्या वाक्यात, एका ओळीत. हमालाचा चहा गेला.

हे ऐकायला साधं आहे. पण ज्यानं दहा वर्षं दुकानात काढलीत त्याच्या हातून आधी गोष्टच उतरते, तत्त्व मागून येतं. मला ती सवय मोडायला वेळ लागला. मी रद्दीतल्या कोऱ्या पाठीच्या पावत्या घरी आणायचे आणि एका पावतीवर एकच संज्ञा, पुस्तक मिटून, दोन वाक्यांत लिहायची. लिहून झालं की पुस्तक उघडून ताडायचं. पुस्तकातला जो कळीचा शब्द सुटला असेल तो लाल पेनानं वर लिहायचा. दुसऱ्या दिवशी त्याच पावत्या उलट्या करून पुन्हा. ज्या जमल्या त्या एका डब्यात, ज्या नाही जमल्या त्या पर्समध्ये. पर्समधल्या पावत्या दुपारी डबा खाताना बाहेर यायच्या. रविवारी सगळा डबा पालथा करून चाळायचा, कारण जमलेल्यांतल्याही काही आठवड्यात विरून जातातच. वाचताना आपल्याला सगळं येतं असं वाटतं. कोरी पावती पुढं आली की खरं काय ते कळतं.

फरक स्पष्ट करा, याला मॅडमनी जी युक्ती दाखवली ती माझ्या मते सबंध अभ्यासातली सगळ्यात कामाची. व्यवस्थापनाची कार्यं सहा: नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. यातली कुठलीही दोन घेऊन फरक विचारू शकतात, म्हणजे पंधरा जोड्या. गाईडमध्ये प्रत्येक जोडी वेगळी छापलेली असते आणि पोरं ती वेगवेगळी पाठ करतात. मॅडम म्हणाल्या, जोड्या पाठ करूच नकोस. दुकानाच्या मोठ्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहा रकाने आखायला लावले. डाव्या बाजूला मुद्दे: अर्थ, उद्देश, क्रम, कशाशी संबंध, व्यवस्थापनाची कुठली पातळी. मग प्रत्येक कार्याचा प्रत्येक मुद्दा एकेका ओळीत भरायचा. ते एकदा भिंतीवर लागलं की कुठलेही दोन रकाने उचलायचे, फरक तयार. चार मार्कांना चार मुद्दे लागतात, आपल्याकडं पाच आहेत.

आणि उत्तर लिहिताना डावीकडचा मुद्दा उजवीकडच्या मुद्द्यासमोरच आला पाहिजे. डावीकडं उद्देश आणि उजवीकडं क्रम असं झालं की दोन्ही ओळी खऱ्या असूनही फरक म्हणून त्याला अर्थ राहत नाही. तसलंच कॅलेंडर मी तीन ग्राहक आयोगांचं केलं, रस्ते आणि रेल्वे वाहतुकीचं केलं, पारंपरिक व्यवसाय आणि ई-व्यवसायाचं केलं. सासूबाई म्हणाल्या, "भित्तीला रंग द्यायचं वाचलं."

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या चौथी शिकलेल्या, पण तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर त्यांनी कितीतरी हंगाम काढलेत. रात्री भाकरी करताना मी दिवसभराचा धडा त्यांना सांगायचे. त्यांना कळावं म्हणून नव्हे, मला सांगता येतोय का बघायला. पण त्या नुसत्या ऐकून घेणाऱ्या नव्हेत. एफ. डब्ल्यू. टेलर शिकवताना मी सांगितलं, आत्या, हा अमेरिकेतला इंजिनिअर, कारखान्यात घड्याळ लावून बघायचा की एका कामाला किती वेळ लागतो, हात किती वेळा उगाच हलतो, माणूस दमतो कधी. आणि जो जास्त काम करेल त्याला नगामागं दरच जास्त द्यायचा.

"आमचा शेडवाला घड्याळ न लावता बी वळखायचा," आत्या म्हणाल्या. "आन् किलोवरच पैसं की. पर दर सगळ्यास्नी येकच."

"टेलर म्हणतो दरच वेगळा. आणि एका कामगारावर एक मुकादम नको, आठ पाहिजेत. कामाची आखणी करणारे चार, प्रत्यक्ष जागेवरचे चार. वेगाचा वेगळा, दुरुस्तीचा वेगळा, शिस्तीचा वेगळा."

"आट? मग बाईनं ऐकायचं कुनाचं?"

मी भाकरी तशीच हातात धरून उभी राहिले. फेयॉल म्हणतो वरिष्ठ एकच, टेलर म्हणतो आठ मुकादम, हे मी आठवडाभर दोन वेगळ्या पानांवर वाचत होते आणि दोन्ही सुखानं पाठ केलं होतं. दोघं समोरासमोर उभे आहेत हे मला दिसलंच नव्हतं. त्याचं कारणही मग शोधलं. फेयॉल (जन्म १८४१) फ्रान्समधल्या खाण कंपनीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसलेला माणूस, त्यानं व्यवस्थापन वरून खाली बघितलं. टेलर (जन्म १८५६) यंत्रशाळेत खालून वर गेलेला, त्यानं कामगाराच्या हातापासून सुरुवात केली. एवढं समजलं की तत्त्वं कुणाची आणि तंत्रं कुणाची, यात घोटाळा होत नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमका तिथंच फास टाकलेला असतो.

व्यवसाय सेवा हा धडा माझ्या हक्काचा होता. बँक, विमा, वाहतूक, गोदाम, दळणवळण. गोदामाची कार्यं म्हणून पुस्तकात जे लिहिलंय ते सांगलीत वेगळं वाचायची गरज नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. आता बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो. शेतकरी भाव पडलेला असताना विकत नाही, माल ठेवतो, पावती घेतो आणि तिच्यावर तारण कर्ज उचलतो. यात साठवण आहे, किमतीचं स्थैर्य आहे, धोका पत्करणं आहे, वित्तपुरवठा आहे. चार मुद्दे एका पावतीत. प्रकल्पही मी त्यावरच केला. कोल्ड स्टोरेजला जाऊन आवक-जावकीच्या नोंदी कशा ठेवतात ते पाहिलं, प्रतवारी कशी होते ते विचारलं. मुलांनो, प्रकल्प कुणाचा तरी उतरवून देऊ नका. त्यातले दोन-तीन मुद्दे मुख्य पेपरात फुकट उपयोगी पडतात.

विम्याची तत्त्वं मात्र वाचून डोक्यात शिरेनात. परम विश्वास, विमा हितसंबंध, नुकसानभरपाई, हानी कमीत कमी राखणं, निकटतम कारण, आणखी एक-दोन. शेवटी मी सगळी एकाच प्रसंगावर बसवली. २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गणपती पेठेतली गोदामं बुडाली. आता समजा, एका व्यापाऱ्यानं मालाचा विमा उतरवलाय. तळघरात माल आहे हे त्यानं कंपनीला आधी खरं सांगितलं होतं का? परम विश्वास. माल त्याचा होता, की दुसऱ्याचा नुसता ठेवायला घेतलेला? हितसंबंध. पाणी चढताना विमा आहे म्हणून तो हात बांधून बसला, की जमतील तेवढी पोती माळ्यावर चढवली? हानी कमीत कमी राखणं. माल पाण्यानं गेला, की पाणी ओसरल्यावर महिनाभर कुजत ठेवल्यानं? निकटतम कारण. आणि भरपाई प्रत्यक्ष नुकसानीएवढीच, फायदा कमवायला नव्हे. हे शेवटचं आयुर्विम्याला लागू होत नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत रुपयांत काढता येत नाही. सकारण स्पष्ट करा मध्ये हे विधान हमखास येण्यासारखं. प्रसंग डोक्यात पक्का ठेवायचा. पेपरात मात्र तत्त्वच उतरवायचं, हे आता वेगळं सांगायला नको.

सकारण स्पष्ट करा, याचं पहिलं वाक्य 'हे विधान बरोबर आहे' असं लिहून पुढं तेच विधान दुसऱ्या शब्दांत फिरवणारे खूप असतात. मॅडम त्याला 'शिळ्या कढीला ऊत' म्हणायच्या. चार मार्क म्हणजे चार वेगळी कारणं, प्रत्येक कारण नव्या ओळीवर, आणि शेवटी 'म्हणून' करून विधानाकडं परत. मी सरावाला एक खेळ केला होता. विधान वाचायचं आणि 'का?' म्हणून चार वेळा एकेक बोट दुमडायचं. चौथ्या बोटाला काही सुचलं नाही तर तो धडा पुन्हा.

ग्राहक संरक्षणाच्या धड्यात आकडे आहेत आणि तिथं जपावं लागतं. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी रुपयांपर्यंत, राज्य आयोगाची १ ते १० कोटी, त्यापुढं राष्ट्रीय आयोग, आणि माझ्याकडच्या पुस्तकातही तसंच छापलेलं. पण डिसेंबर २०२१ च्या नियमांनी हे आकडे खाली आणले: जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत, राज्याला ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय. मी हे मॅडमना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, पेपर तुझ्या पुस्तकावर निघतो, पुस्तकातलं लिही. तक्रार करायला जाशील तेव्हा नवीन आकडा बघ. मला हे काही पटलं नाही, अजूनही पटत नाही, पण परीक्षेपुरतं मी ऐकलं. बाकी त्या धड्यातल्या तारखा सोप्या आहेत. १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांच्या चार हक्कांची घोषणा केली म्हणून १५ मार्चला जागतिक ग्राहक दिन. आपला राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबर.

उद्योजकता आणि विपणन या धड्यांवर मी फार वेळ घातला नाही. स्टार्टअप इंडिया, स्टँडअप इंडिया, मेक इन इंडिया यांची वर्षं आणि एकेक ओळ, विपणनाची कार्यं, झालं. सामाजिक जबाबदाऱ्यांचा धडा एका तक्त्यात बसतो: मालक, कर्मचारी, ग्राहक, सरकार, समाज, आणि प्रत्येकाखाली चार-पाच मुद्दे.

वेळेचं सांगायचं तर जानेवारीनंतर मला अभ्यास करताच आला नसता. नवी हळद यार्डात यायला लागते, मागोमाग बेदाण्याचे सौदे, मार्च-एंड डोक्यावर. त्यामुळं धडे दिवाळीच्या आसपास संपवून पुढं फक्त जुने पेपर, तेही घड्याळ लावून. तीन तासांत ८० मार्क, म्हणजे मार्काला सव्वादोन मिनिटं. पहिल्या प्रश्नाला पंचवीस मिनिटांवर द्यायची नाहीत, म्हणजे तिथं वाचलेली वीस मिनिटं मोठ्या उत्तराला मिळतात. पहाटे साडेचारला उठून पेपर लिहायचे, कारण आमच्या घरात तेवढाच काळ कुणी काही मागत नाही. मनगट एवढं दुखायचं की दुकानात माऊस धरवत नसे. तीन तास सलग लिहिण्याची सवय पंधरा वर्षांपूर्वी सुटलेली, ती पुन्हा आणणं हाही अभ्यासच होता, आणि माझ्या बाबतीत बहुधा सगळ्यात कष्टाचा.

पेपरचा दिवस फारसा सांगण्यासारखा नाही. साडेदहाला वर्गात, माझ्या आजूबाजूला सगळी सतरा-अठराची पोरं, एकीनं मला पर्यवेक्षक समजून "मॅडम, पाणी पिऊन येऊ का" विचारलं. अकराला प्रश्नपत्रिका हातात. पूर्वी ती दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. आता ती दहा मिनिटं शेवटी मिळतात, दोन वाजून दहापर्यंत. मी पहिला प्रश्न, मग फरक, मग संज्ञा असं लिहीत गेले. मोठं उत्तर शेवटून दुसरं ठेवलं, अगदी शेवटी नको म्हणून. शेवटची दहा मिनिटं फक्त प्रश्नांचे आणि उपप्रश्नांचे क्रमांक तपासण्यात गेली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाची पुरवणी सुटी राहिली होती, घंटेच्या आधी पर्यवेक्षकांनीच त्याला दोरा दिला.

ओसीत ८७ पडले. त्याहून जास्त शिकायला मिळालं ते नंतर. निकालानंतर बोर्डाकडं अर्ज करून फी भरली की आपल्याच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. मार्क वाढवायचे नव्हते, पण वर्षभर ज्या परीक्षकाच्या नावानं मॅडमनी मला धाकात ठेवलं तो नेमका वाचतो कसा, हे बघायचं होतं. फरकाच्या तिन्ही उत्तरांना पूर्ण मार्क, मुद्द्यागणिक बारीक टिक. संज्ञांत एक मार्क गेला, तिथं माझं दुसरं वाक्य नुसतं उदाहरण होतं. आणि मोठ्या उत्तरात, विम्याच्या तत्त्वांत, परम विश्वासावर मी सहा ओळी लिहिल्या होत्या, महापूर पुन्हा हातातून सुटला होता. त्याच्या खालच्या तत्त्वाला दोनच ओळी. दोन्हींपुढं टिक तेवढीच एक. मॅडमनी ते पान डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, माझ्या सहा ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढ्या वेळात अजून एक मुद्दा झाला असता. एसपीची (चिटणिसाच्या कार्यपद्धतीची) पण छायाप्रत मागव, तिथं काय घातलंयस ते बघू."